कंदील, केक आणि आयफोन

हातातल्या मोबाइलची काच, घरात येणारं फायबरचं इंटरनेट, भिंतीवरचा सपाट टीव्ही आणि मोटारीचा धूर स्वच्छ करणारी जाळी. या चारही गोष्टींचा माग काढत गेलं की आपण एकाच गावात पोचतो. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, चेमंग नदीच्या काठी, दहा-अकरा हजार वस्तीचं कॉर्निंग नावाचं गाव आहे. तिथली काच कंपनी १८५१ साली सुरू झाली. आपल्याकडे मुंबई-ठाणे रेल्वे धावायच्या दोन वर्षं आधी! आज तीच कंपनी तंत्रज्ञानाच्या जगात पहिल्या रांगेत आहे, आणि एवढ्या काळात तिनं काच काही सोडलेली नाही. कंपनीच्या इतिहासातले मला सगळ्यांत आवडलेले किस्से इथे मांडतो आहे.

कंपनी आली बोटीतून

अमोरी हॉटन या गृहस्थांनी मॅसॅच्युसेट्समध्ये काचधंद्यात पैसे घातले, मग ब्रुकलिनमधला एक कारखाना घेतला. पण तिथे धंदा बसेना. कॉर्निंगमध्ये पेनसिल्व्हेनियाचा कोळसा स्वस्त मिळत होता आणि गावातले लोक भांडवल घालायलाही तयार होते. तेव्हा १८६८ मध्ये कारखान्याची सगळी सामग्री होड्यांवर चढवून नदी-कालव्यांच्या वाटेनं तिकडे नेली. दोन वर्षांत तिथेही दिवाळं वाजलं! मुलानं कंपनी पुन्हा उभी केली. नाव मात्र गावाचंच राहिलं, आणि गावाला ते मिळालं होतं इरास्टस कॉर्निंग या रेल्वेवाल्या धनिकावरून. म्हणजे जगभर पोचलेल्या या कंपनीच्या नावात तिच्या मालकांचं नाव कुठेच नाही.

एडिसनचा दिवा, काच फुंकणाऱ्याचा

एडिसनला विजेच्या दिव्यासाठी काचेचा फुगा हवा होता. तो कॉर्निंगच्या कारागिरांनी तोंडानं फुंकून दिला. १८८० पासून बल्बची काच हा कंपनीचा मोठा धंदा झाला. पण फुंकून फुंकून माणूस किती बल्ब करणार? १९२० च्या दशकात विल्यम वूड्स या त्यांच्याच काच फुंकणाऱ्या कारागिरानं एका अभियंत्याच्या साथीनं असं यंत्र रचलं, की वितळलेल्या काचेची पट्टी पुढे सरकत राहते, खालच्या भोकांतून ती ओघळते आणि हवेच्या झोतानं फुगते. १९२६ मध्ये हे रिबन यंत्र चालू झालं. कसलेल्या कारागिरांच्या चमूला मिनिटाला दोन-तीन बल्ब जमायचे. यंत्र मिनिटाला शेकडो करू लागलं, आणि पुढे तर हजाराच्या वर गेलं. दिवा गरिबाच्या घरात पोचला, त्यात या यंत्राचा वाटा फार मोठा आहे.

जाता जाता एक गंमत. दुसऱ्या महायुद्धामुळे जर्मनीहून येणारे नाताळचे काचेचे गोळे अमेरिकेत मिळेनासे झाले. तेव्हा बल्बच्याच यंत्रावर कॉर्निंगनं ते गोळे काढले आणि नाताळची झाडं सजली.

काच फुटेना, हीच अडचण

आता माझा आवडता किस्सा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेचे सिग्नल म्हणजे कंदील. आत ज्योत, बाहेर पाऊस किंवा बर्फ. तापलेल्या काचेवर गार थेंब पडला की ती तडकायची, सिग्नल विझायचा आणि गाडीचा अपघात व्हायचा. ज्यांच्या घरात ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील होता, त्यांना तापल्या काचेवर पाणी उडालं की काय होतं ते सांगायला नको.

कॉर्निंगनं १९०८ मध्ये स्वतःची संशोधन प्रयोगशाळा काढली. कारखान्यानं पगारी शास्त्रज्ञ ठेवणं ही तेव्हा अमेरिकेतही नवलाची गोष्ट होती. तिथे काचेत बोरॉनचं प्रमाण वाढवून अशी काच केली, जी तापली तरी फारशी प्रसरण पावत नाही. ती कंदिलात बसली आणि तडकणं थांबलं. रेल्वे खूश झाली! कंपनीसमोर मात्र नवाच प्रश्न उभा राहिला. काचा फुटेनात, म्हणून बदली काचांची मागणीच आटली.

मग या टणक काचेचं करायचं काय? तिच्या बॅटरीच्या बरण्या होऊ लागल्या. १९१३ मध्ये जेसी लिटलटन नावाचे भौतिकशास्त्रज्ञ नोकरीला लागले. त्यांच्या पत्नी बेसी यांचं भट्टीत ठेवायचं मातीचं भांडं तडकलं होतं. त्यांनी नवऱ्याला सांगितलं, तुमच्या कारखान्यातलं काही तरी आणा. जेसींनी दोन बरण्या बुडापासून कापल्या आणि ती बुडं घरी आणली. बेसींनी त्यात स्पंज केक भाजला. केक सगळीकडून सारखा फुलला, भांड्याला चिकटला नाही, आणि तो भाजत असताना काचेतून दिसतही होता. दुसऱ्या दिवशी तो केक प्रयोगशाळेत गेला. १९१५ मध्ये पायरेक्स भांडी बाजारात आली.

पायरेक्सचा जन्म एका गृहिणीच्या प्रयोगातून झाला, ही गोष्ट कंपनीच्या इतिहासात नोंदलेली आहे याचा मला फार आनंद वाटतो. कितीतरी ठिकाणी अशा बायकांची नावं गळून पडली आहेत. इथे बेसी लिटलटन यांचं नाव राहिलं.

आणि हो, या भांड्यांचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या बोरोसिलनं कॉर्निंगच्याच सहकार्यानं अंधेरीच्या मरोळला काच बनवायला घेतली. १९८८ मध्ये कॉर्निंगनं आपला हिस्सा विकला. शाळेच्या प्रयोगशाळेतलं चंचुपात्र, परीक्षानळी आणि घरातले उकळत्या चहाचे पेले या साऱ्यांच्या पाठीशी तोच रेल्वेचा कंदील आहे.

वीस टनांचा आरसा

खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एलरी हेल यांना कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावर २०० इंच, म्हणजे पाच मीटरांहून रुंद आरशाची दुर्बीण हवी होती. त्या वेळचा सर्वांत मोठा आरसा होता १०० इंचांचा. जनरल इलेक्ट्रिकनं शुद्ध क्वार्ट्झचा आरसा करायचा प्रयत्न केला. भरपूर पैसे गेले, आरसा झाला नाही. मग हेल आले कॉर्निंगकडे. ओव्हनमध्ये तापून वाकडी न होणारी काच रात्रीच्या गारठ्यातही आकार सोडणार नाही, हा हिशेब सरळ होता.

२५ मार्च १९३४ रोजी वितळलेली काच साच्यात ओतायला घेतली. ती बघायला हजारो माणसं गोळा झाली होती. आरशाचं वजन कमी राहावं म्हणून साच्यात मागच्या बाजूला पोळ्यासारखे कप्पे पाडणारे ठोकळे बसवलेले होते. अर्ध्यावर काम आलं असताना ठोकळे धरून ठेवणारे पोलादी खिळे उष्णतेनं वितळले, आणि ठोकळे सुटून वर तरंगू लागले. सगळ्या गावासमोर पहिला आरसा बिघडला.

काम बघणारे जॉर्ज मकॉली यांनी खिळ्यांची रचना बदलली, ते थंड राखायची सोय केली आणि २ डिसेंबरला पुन्हा ओतकाम केलं. या वेळी साधलं. आता एवढा जाड काचेचा गोल एकदम गार होऊन चालत नाही, आतला ताण त्याला फोडून टाकतो. त्यामुळे तो महिनोन्‌महिने दररोज अगदी थोडा थोडा थंड करायचा होता. त्यातच जुलै १९३५ मध्ये चेमंग नदीला पूर आला आणि पाणी कारखान्यात शिरलं. तापमान राखणारी वीज काही काळ बंद पडली. आरसा वाचला!

मार्च १९३६ मध्ये ही वीस टनांची काच उभी करून खास बांधलेल्या रेल्वेच्या डब्यात ठेवली. गाडी फक्त दिवसा चालायची, तीही ताशी चाळीस किलोमीटरच्या आत. वाटेतल्या गावांमध्ये लोक रुळांच्या कडेला उभे राहून ती बघत होते. दोन आठवड्यांनी काच पॅसाडेनाला पोचली. तिथे घासकाम सुरू झालं, मध्ये महायुद्ध आलं, आणि दुर्बीण शेवटी १९४८ मध्ये सुरू झाली. हेल १९३८ मध्येच वारले होते. दुर्बिणीला त्यांचं नाव दिलं आहे.

बिघडलेला पहिला आरसा त्यांनी फोडला नाही, लपवलाही नाही. तो आज कॉर्निंगच्या काच संग्रहालयात सगळ्यांना दिसेल असा उभा आहे. ही कंपनी मला आवडण्याचं हे एक मोठं कारण.

तीनशे अंश जास्त

१९५० च्या दशकाची सुरुवात. डोनाल्ड स्टुकी नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं काचेचा एक नमुना ६०० अंशांवर भट्टीत ठेवला. नियंत्रक बिघडला आणि भट्टी ९०० वर गेली. स्टुकींना वाटलं, आता काच वितळून भट्टीत चिकटली असणार. दार उघडलं तर आत पांढरी शुभ्र वडी! चिमट्यातून ती निसटली, फरशीवर पडली, धातूसारखी खणखणली आणि शाबूत राहिली. काचेचं आतल्या आत सिरॅमिक झालं होतं. हाच पदार्थ क्षेपणास्त्रांच्या टोकाला बसला, आणि १९५८ पासून निळ्या फुलांची कॉर्निंगवेअर भांडी होऊन अमेरिकेच्या घराघरांत गेला. स्टुकी ९९ वर्षं जगले.

वहीतला आनंद

आता वळू या त्या शोधाकडे, ज्याच्यामुळे आजचं इंटरनेट चालतं.

१९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम या इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी गणित मांडलं. काचेच्या तारेतून प्रकाश पाठवला आणि एक किलोमीटर गेल्यावर शंभरातला निदान एक भाग शिल्लक राहिला, तर त्यावर टेलिफोन चालवता येईल. हे मागणं वरवर फारच किरकोळ वाटतं. पण तेव्हाच्या उत्तम काचेतही प्रकाश काही मीटरांतच विरून जायचा. ब्रिटिश टपाल खात्यानं अनेकांकडे विचारणा केली. त्यांत कॉर्निंगही होती.

तिथे रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्झ कामाला लागले. बाकीचे संशोधक नेहमीच्या काचेतली अशुद्धी काढण्याच्या मागे होते. मॉरर यांनी उलटी वाट धरली. शुद्ध सिलिका घ्यायची आणि तिच्या गाभ्यात मुद्दाम किंचित अशुद्धी घालायची, म्हणजे प्रकाश गाभ्यातच अडकून पुढे जाईल. ही शुद्ध सिलिका आली कुठून? १९३४ मध्ये, आरशाच्या धामधुमीतच, फ्रँकलिन हाइड या त्यांच्याच रसायनशास्त्रज्ञानं सिलिकॉनचं द्रवरूप संयुग ज्योतीत फवारून अतिशुद्ध काच मिळवायची रीत शोधली होती. त्या वेळी तिला मोठं गिऱ्हाईक नव्हतं. छत्तीस वर्षांनी ती कामी आली.

ऑगस्ट १९७० मधली एक संध्याकाळ. घरी निघायची वेळ झालेली असताना केक यांनी टायटॅनियम घातलेल्या नव्या तारेत लेसर सोडला, आणि तारेतून परतलेला लखलखीत प्रकाश थेट डोळ्यांत आला. त्यांनी मोजमाप घेतलं. नुकसान होतं १७ डेसिबल, म्हणजे एक किलोमीटरनंतर शंभरात दोन भाग प्रकाश शिल्लक. त्यांनी प्रयोगाच्या वहीत आकड्यांशेजारी ‘हुपी!’ असा आनंदोद्गार लिहून ठेवला. दोन वर्षांत टायटॅनियमच्या जागी जर्मेनियम आलं आणि नुकसान आणखी खूप घटलं. आजच्या तारेत प्रकाश शंभर किलोमीटर गेला, तरी शंभरातला एक भाग उरतो.

शोध लागला १९७० मध्ये. मोठी मागणी कधी आली? १९८३ मध्ये, एमसीआय या अमेरिकन टेलिफोन कंपनीनं एक लाख किलोमीटर तार मागवली तेव्हा. तेरा वर्षं ही मंडळी पैसे घालत राहिली आणि कारखाने उभारत राहिली. २०१७ मध्ये कंपनीच्या फायबरची एकूण लांबी एक अब्ज किलोमीटर झाली. सूर्य पृथ्वीपासून साधारण पंधरा कोटी किलोमीटर आहे. म्हणजे तिथे जाऊन-येऊन तीन फेऱ्या झाल्या, वर दहा कोटी शिल्लक! काओंना २००९ मध्ये नोबेल मिळालं.

विकायला गेले एक, घेऊन आले दुसरं

१९७० मध्येच कंपनीचे वरिष्ठ अधिकारी जनरल मोटर्सचे अध्यक्ष एड कोल यांच्याकडे मोटारीच्या पुढच्या काचा विकायला गेले होते. कोल यांनी काचा नाकारल्या. पण धुराचा नवा कायदा येतोय, त्यासाठी उष्णता सोसणारं काही तरी करून द्या, असं सुचवल्याचं सांगतात. बॅगली, लॅकमन आणि लुइस या तिघांनी सिरॅमिकची बारीक भोकांची जाळी केली. विषारी वायू तिच्यातून जाताना निरुपद्रवी होतात. अमेरिकी गाड्यांत ती १९७० च्या दशकाच्या मध्यावर आली. भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना असा शुद्धीकरणाचा डबा सक्तीचा झाला. एका नकारानं एवढं काम केलं!

दोन वर्षांत सगळं गेलं

सगळा प्रवास असा गोड नाही. १९९८ मध्ये कंपनीनं आपली भांडीच विकून टाकली आणि सगळा जोर फायबरवर लावला. २००० मध्ये तिच्या शेअरचा भाव शंभर डॉलरच्या वर गेला. मग इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला. २००१ मध्ये तोटा झाला साडेपाच अब्ज डॉलरचा. ऑक्टोबर २००२ मध्ये शेअर एका डॉलरच्या आसपास येऊन टेकला. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, आणि दहा-अकरा हजारांच्या गावात त्याचा अर्थ घराघरांत कळला. निवृत्त झालेले माजी प्रमुख जेम्स हॉटन पुन्हा कारभार बघायला आले. इतकं होऊनही त्यांनी प्रयोगशाळा बंद केली नाही. माझ्या मते कंपनीच्या इतिहासातला हाच सर्वांत धाडसी निर्णय.

कपाटातल्या दोन काचा

प्रयोगशाळा चालू ठेवण्याचं मोल कळण्यासाठी १९६० च्या दशकात मागे जावं लागेल. तेव्हा कॉर्निंगमध्ये दोन शोध लागले आणि दोन्ही वाया गेले, असं त्या वेळी कुणालाही वाटलं असतं.

पहिला शोध सपाट काच ओढण्याचा. एका लांबट पन्हाळीत वितळलेली काच भरतात. पातेल्यातलं दूध उतू जावं तशी ती दोन्ही कडांवरून खाली ओघळते. दोन्ही ओघळ पन्हाळीच्या तळाशी एकजीव होतात आणि हवेतच लोंबणारं तावदान तयार होतं. त्याच्या बाहेरच्या बाजूंना कशाचाच स्पर्श झालेला नसतो, म्हणून घासायचीही गरज उरत नाही. ही काच मोटारींसाठी होती. मोटारवाल्यांनी ती घेतली नाही. वीस वर्षांनी एलसीडी पडदे आले आणि त्यांना हवी होती नेमकी अशीच निर्मळ, सपाट काच. टीव्ही भिंतीला टेकला तो या पन्हाळीमुळे.

दुसरा शोध मजबुतीचा. काच फुटते, यावर उपाय शोधा, असं कंपनीच्या अध्यक्षांनीच शास्त्रज्ञांना सांगितलं होतं. त्यांनी काच सुमारे ४०० अंशांच्या वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवली. काचेतले सोडियमचे लहान आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन बसतात. जागा तेवढीच, आयन मोठे, त्यामुळे पृष्ठभागावर जबरदस्त दाब तयार होतो आणि चीर पसरत नाही. १९६२ मध्ये ‘केमकोर’ नावानं ही काच जगापुढे आली. तिचे पेले नऊ मजली इमारतीवरून खाली टाकून दाखवले, तिच्यावर गोठवलेल्या कोंबड्यांचा मारा केला. पण गिऱ्हाईक काही मिळेना. थोड्याशा शर्यतीच्या मोटारींत ती बसली. मग प्रश्न आला, अपघातात ही काच फुटणारच नसेल तर माणसाच्या डोक्याचं काय होईल? १९७१ मध्ये हे काम गुंडाळलं. नोंदी मात्र जपून ठेवल्या.

जानेवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन दाखवला. त्याचा पडदा प्लॅस्टिकचा होता आणि खिशातल्या किल्ल्यांनी त्यावर चरे पडले. जॉब्ज यांना काच हवी होती, तीही त्याच वर्षीच्या जूनपर्यंत. ते कॉर्निंगचे प्रमुख वेंडेल वीक्स यांच्याशी बोलले. वीक्स यांनी जुन्या मजबूत काचेची गोष्ट सांगितली आणि हेही सांगितलं की आज तिचं उत्पादन कुठेच होत नाही. जॉब्ज यांनी त्यांना तुम्ही हे करू शकाल असं ठासून सांगितलं आणि हवी तेवढी काच मागितली. केंटकी राज्यातल्या हॅरॉड्सबर्गचा एलसीडीची काच करणारा कारखाना या कामाला जुंपला. त्या कामात पन्हाळीची रीत आणि क्षाराची आंघोळ हे एके काळी टाकलेले दोन्ही शोध एकत्र आले. सहा महिन्यांच्या आत माल तयार! गोरिला ग्लास या नावानं ही काच आज आठ अब्जांहून अधिक उपकरणांवर बसली आहे.

आणखी थोडं, पटापट

हबल दुर्बिणीच्या २.४ मीटरच्या आरशाची काच कॉर्निंगची. अमेरिकेच्या अंतराळयानांच्या खिडक्यांना काच पुरवली तीही याच कंपनीनं. कोविडच्या साथीत लशीच्या कुप्या कमी पडू लागल्या, तेव्हा अमेरिकी सरकारनं जून २०२० मध्ये कॉर्निंगच्या औषधी कुप्यांचं उत्पादन वाढवायला वीस कोटी डॉलरांहून अधिक रक्कम दिली.

आणि हॅरॉड्सबर्ग? तो कारखाना १९५२ मध्ये चष्म्यांची काच करायला सुरू झाला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये ॲपलनं तिथे अडीच अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. यापुढे जगात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या आयफोनची आणि ॲपल घड्याळाची वरची काच याच केंटकी राज्यात बनणार आहे.